नऊ एकांचा वर्ग: तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या महिन्याच्या सदरात शेवटी घरचा अभ्यास दिला होता. एक हा अंक नऊ वेळा लिहा, १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर कळवा, आणि उत्तरात काय दिसलं तेही कळवा. त्यावर शहापूरपासून चिकोडी-निपाणीपर्यंतची पत्रं आली, काही कानडीतही. बेळगावातल्या मराठी शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला याहून मोठा आनंद कुठला? म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत आणि सगळं सदर याच संख्येला दिलं आहे. संख्या अशी: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. सतरा अंक, आणि आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की बारा, चौतीस, छप्पन्न, अठ्ठ्याहत्तर असे गटही नीट पडतात.

प्रश्न: बाई, नमस्कार. मी शहापुरात साडीच्या दुकानात हिशेब लिहितो. तुमचा गुणाकार मोबाइलवर केला तर शेवटी ३२१ आलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये केला तर शेवटी ३०० आलं. ओळखीच्या एका मुलानं प्रोग्राम लिहून काढलं, तर त्याचं ३२० आलं. तीन यंत्रं, तीन उत्तरं. जीएसटीचा सगळा हिशेब आम्ही ह्याच एक्सेलवर करतो की हो! खरं कुठलं मानायचं?
— एक हिशेबनीस, शहापूर

उत्तर: खरं ३२१. आणि हे ठरवायला चौथं यंत्र नको, कागद पुरे.

आधी शेवटचा अंक बघा. दोन्ही संख्यांच्या शेवटी १ आहे. एक गुणिले एक एकच. मग उत्तराच्या शेवटी शून्य येणारच नाही. ३०० आणि ३२० दोन्ही इथेच बाद झाले.

आता ताळा घ्या. तुम्ही हिशेबनीस आहात, तुमच्या आधीच्या पिढीचे मुनीम हा नवाचा ताळा घेतल्याशिवाय पान उलटत नसत. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, आलेल्या बेरजेतल्या अंकांची परत बेरीज करायची, एक अंक उरेपर्यंत. नऊ एकांची बेरीज ९, म्हणजे संख्येला ९ने पूर्ण भाग जातो. गुणाकारालाही जायलाच हवा. ३२१ने संपणाऱ्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९. ताळा जमला. ३००वाल्याची बेरीज ७८, म्हणजे १५, म्हणजे ६. ३२०वाल्याची ८०, म्हणजे ८. दोन्ही चुकले.

मग यंत्रं असं का करतात? एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच सांभाळतं. सोळाव्यापासून पुढे शून्यं भरतं. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत, म्हणून शेवटचे दोन, २ आणि १, गेले आणि त्यांच्या जागी दोन शून्यं आली. प्रोग्रामचं कारण वेगळं आहे आणि ते मला जास्त आवडतं. बऱ्याच प्रोग्रामांत संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ५३ अंकांत साठवतात. २ला २ने गुणत जाऊन ५३वा घात केला की ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ येतात. या मर्यादेपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी राहते. ती ओलांडली की काही अंतरापर्यंत फक्त सम संख्यांनाच जागा असते. आपली संख्या मर्यादेच्या पुढची आणि विषम. तिला तिथं जागाच नाही, म्हणून शेजारच्या सम संख्येत, ३२०मध्ये, तिला बसवलं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने सगळे अंक वेगळे सांभाळले, म्हणून तो बरोबर ठरला.

तुमच्या जीएसटीला धोका नाही. पंधरा अंकांत दोन पैशांचे धरले तरी रुपयांचे तेरा उरतात, म्हणजे दहा लाख कोटींच्या आतलं सगळं एक्सेल पैशासकट अचूक सांभाळतं. पण एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. काही बँकांचे खातेक्रमांक सोळा अंकी असतात, एटीएम कार्डांचेही असतात. असा क्रमांक एक्सेलच्या रकान्यात साधी संख्या म्हणून टंकला, तर शेवटच्या अंकाचा शून्य होतो आणि यंत्र काही बोलत नाही. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, मग क्रमांक भरा. व्यापाऱ्यांचे खातेक्रमांक तुमच्याकडे असतील, ते आजच तपासा.

प्रश्न: बाई, मी आठवीत शिकते. एक एकाचा वर्ग १, दोन एकांचा १२१, तीन एकांचा १२३२१, असं नऊपर्यंत छान येतं. मी पुढं जाऊन दहा एक घेतले तर १२३४५६७९००९८७६५४३२१ आलं. बाबांनी परत केलं, तरी तेच. डावीकडचा आठ कुठं गेला? आणि माझी मैत्रीण कानडी शाळेत जाते. ती विचारते, कानडी अंकात लिहून गुणलं तर वेगळं येईल काय?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर: बाळ, तुझा गुणाकार बरोबर आहे. आठ कुठं गेला ते बघायला गुणाकार मांडूनच पाहायला हवा. वहीत चौकटींचं पान घे.

नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना प्रत्येक ओळीत तेच नऊ एक येतात, फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकते. नऊ ओळी झाल्या की उभ्या रकान्यांकडे बघ. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक आहे. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं वाढत मधल्या रकान्यात नऊ. तिथून डावीकडे आठ, सात, सहा करत पुन्हा एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्याच्या रकान्यात किती एक उभे आहेत त्याची मोजणी. पानावर एकूण नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ एक आहेत. उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१ येते ती याच कारणाने.

हे इतकं सरळ झालं कारण कुठल्याच रकान्यात हातचा आला नाही. सगळ्यात उंच रकाना नऊचा, आणि नऊ एका घरात मावतो. दहा एक घेतलेस की मधल्या रकान्यात दहा उभे राहतात. शून्य लिहायचा, हातचा एक. पुढच्या रकान्यात नऊ होते, हातच्याने दहा झाले. परत शून्य, परत हातचा एक. त्याच्या पुढच्या रकान्यात आठ होते, त्यांचे नऊ झाले. तुझा आठ हा असा नऊ झाला! त्याच्या जागी तो उभा आहे, फक्त हातच्याने वाढलेला. पुढे हातचा नाही, म्हणून सात ते एक जसेच्या तसे.

आणखी एक गंमत करून बघ. दहा एकांच्या मांडणीत पानावर शंभर एक आहेत, पण तुझ्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८२ येते. अठरा कमी. हातचा घेताना एका घरातले दहा काढून शेजारच्या घरात एक ठेवतो, म्हणजे दर हातच्याला बेरीज नवाने कमी होते. हातचे दोन, म्हणून अठरा कमी. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. तिथं १२१ एक आहेत आणि बेरीज ८५. हातचे किती आले असतील ते आता गुणाकार न करताच तू सांगू शकतेस.

मैत्रिणीचा प्रश्न फार मोलाचा आहे. तिला माझा आशीर्वाद सांग. बसच्या पाटीवरचे कानडी अंक आपण रोज वाचतो, वहीत मराठी अंक लिहितो, मोबाइलवर तिसरेच असतात. ओंदु-एरडु-मूरु म्हणा नाहीतर एक-दोन-तीन, अंकाचं चित्र बदललं तरी दहा झाले की हातचा हा नियम तिन्हीकडे एकच आहे. म्हणून उत्तर तेच, चढणारं आणि उतरणारं.

पण नियमच बदलला तर? समजा आठ झाले की हातचा. याला अष्टमान पद्धत म्हणतात, तिच्यात ८ आणि ९ हे अंकच नसतात. तिथं सात एकांपर्यंतच रकाने मावतात. सात एकांचा वर्ग अष्टमानात १२३४५६७६५४३२१ असा देखणा येतो, आणि आठ एकांवर मोडतो. हीच अष्टमानातली देखणी संख्या आपल्या दशमानात लिहिली तर ८९,७५,५९,६५,६४९ होते. बघ, तिच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. आपल्या सतरा अंकी संख्येचंही तसंच आहे. तिची चढ-उतार हा दहाच्या हातच्याने दिलेला पोशाख आहे.

मग पोशाख काढल्यावर उरतं काय? जे उरतं तेच त्या संख्येचं स्वतःचं, आणि तेच मला वर्गात मुलांना दाखवायला सगळ्यात आवडायचं. नऊ एकांचे अवयव पाड. मोठा भागाकार लागत नाही. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ गुणिले ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. ही ३३३६६७ मूळ संख्या आहे, तिला पुढे फोडता येत नाही. मग आपली मोठी संख्या झाली ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा, एवढ्यांचा गुणाकार. तिला पूर्ण भागणाऱ्या संख्या मोजायच्या तर ३ शून्यापासून चार वेळा घेण्याच्या पाच रीती, ३७च्या तीन, ३३३६६७च्या तीन. पाच गुणिले तीन गुणिले तीन, ४५ विभाजक. पृथ्वीवर कुठंही, कुठल्याही अंकांत, कितीचाही हातचा धरून लिहिली तरी ती वर्गसंख्या राहणार, विषम राहणार, आणि तिचे विभाजक पंचेचाळीसच राहणार.

प्रश्न: या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे शेवटी ९. नऊ हा ‘पूर्ण’ अंक मानतात. गाडीसाठी नवाच्या बेरजेचा नंबर घेतला तर लाभ होईल का?
— एक वाचक, गोवावेस

उत्तर: नाही. दहाच्या हातच्यात नवाला ही जागा मिळते, कारण दहातून एक गेला की नऊ. आठाच्या हातच्याने मोजणारे लोक असते तर त्यांना हेच सगळं साताबद्दल वाटलं असतं. गाडी सावकाश चालवा.

प्रश्न: बाई, मी शेतकरी, वय झालेलं. लहानपणी आम्हाला पावकी-निमकीपासून परार्धापर्यंत पाठ करून घेत. ही संख्या जुन्या नावांनी कशी वाचायची? आणि ही असली गणितं आपल्या भागात पूर्वी कुणाला ठाऊक होती का, की सगळं बाहेरून आलं?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर: आजोबा, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं. आधी वाचन. रोजच्या बोलण्यात कोटीच्या पुढे कुणी जात नाही, म्हणून ही संख्या अशी वाचता येईल: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. जुन्या पद्धतीत प्रत्येक स्थानाला वेगळं नाव होतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५०च्या ग्रंथात, एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. शेवटची चार जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून तिचा डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानावर बसतो. परार्धाला एकच घर कमी पडलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्या वेळी इथं राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि गादीवर अमोघवर्ष नृपतुंग होता. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आपला बेळगावचा मुलूख त्याच राज्यात होता, आणि पुढे इथं ज्यांनी राज्य केलं ते सौंदत्तीचे रट्ट आधी राष्ट्रकूटांचेच मांडलिक होते. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, त्याच रट्टांच्या काळातली. तुम्ही कधी बेळगावला आलात तर ती पाहूनच जा, छतातलं दगडी कमळ विसरता येत नाही.

तर या महावीराचार्यांनी गुणाकार शिकवताना मुद्दाम अशी उदाहरणं घातली की उत्तर दोन्ही बाजूंनी सारखं वाचलं जावं. अशा उत्तरांना ते कंठ्याची, गळ्यातल्या हाराची उपमा देतात. त्यांत १२३४५६५४३२१ ही संख्या आहे, आणि तिचं वर्णन त्यांनी असं केलं आहे की एकापासून सुरू होऊन सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमाने कमी होत येणारी. म्हणजे सहा एकांचा वर्ग! आपण नऊ एक घेतले, त्यांनी सहा. अकराशे वर्षांपूर्वी, आपल्याच मुलखाच्या राज्यात, शिकणाऱ्या पोरांना गुणाकाराची गोडी लागावी म्हणून कुणीतरी ही संख्या निवडली. तुम्ही घरी २७९९४६८१ ला ४४१ने गुणून बघा, हाच कंठा हातात येईल. कारणही सांगते. ४४१ हा २१चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. महावीराचार्यांनी स्थानांची नावंही लीलावतीपेक्षा जास्त दिली आहेत, चोवीस. त्यांचा ग्रंथ दक्षिणेत शतकानुशतकं शिकवला गेला, अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनांनी तो तेलुगूत नेला. १९१२ साली मद्रासला एम. रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह तो छापला, तेव्हा बाहेरच्या जगाला तो कळला.

आणि दुसरं नाव आपल्या मराठी मास्तरांचं: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, तिथं १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं पारितोषिक मिळवलं, आणि १९३०पासून १९६२पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. फावल्या वेळात संख्यांशी खेळत राहिले. एकांच्या वर्गांना त्यांनी डेमलो संख्या म्हटलं, तेव्हाच्या रेल्वे स्टेशनाच्या नावावरून. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते जगभर माहीत झाले. १९८६ साली गेले.

आपली संख्या डेमलो आहे आणि हर्षदही आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने भागलं तर १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ या संख्येचा वर्ग, ज्या संख्येत आठ नाही. दोन एकांपासून नऊ एकांपर्यंतच्या वर्गांमध्ये हा हर्षद असण्याचा मान फक्त दोघांना आहे, तीन एकांच्या वर्गाला आणि नऊ एकांच्या. बाकीचे पाहा: १२१ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३४३२१ची १६, आणि ही तर विषम संख्या, सोळाने भाग कसा जाईल? आजोबा, हे काम नातवंडांना द्या. पाच, सहा, सात आणि आठ एक उरलेत.

प्रश्न: मॅडम, मी निपाणीला बी. एस्सी. करतो. तुमच्या संख्येत मी मध्ये दहा घातले: एक ते नऊ, मग १०, मग नऊ ते एक. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही मूळ संख्या आहे असं वाचलं. नऊपर्यंतच्या सगळ्या वर्गसंख्या आणि दहा आले की एकदम मूळ संख्या? हे खरं आहे का, आणि एवढ्या मोठ्या संख्येचं कसं तपासतात?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर: खरं आहे. १,२३,४५,६७,८९,१०,९८,७६,५४,३२१ ही वीस अंकी संख्या मूळ आहे. परार्धाच्याही पुढची.

आधी एक गैरसमज होऊ देऊ नकोस. ही दहा एकांचा वर्ग नव्हे. तो वर खानापूरच्या मुलीच्या उत्तरात आला आहे, आणि वर्ग असल्यामुळे तो मूळ असणारच नाही. तू केलंस ते वेगळं: हातचा न घेता दहा हा आकडा सरळ मध्ये लिहून टाकलास. त्यामुळे रकान्यांची सगळी मांडणी सुटली आणि संख्येचा वर्गाशी संबंध राहिला नाही. ती मूळ का निघाली, याला मागे काही रचना नाही. कुठल्याही विषम संख्येसारखी ती मूळ असू शकत होती किंवा नसू शकत होती, आणि निघाली. गणितात जिथं कारण आहे तिथं ते शोधावंच, आणि जिथं नाही तिथं ते बळेच लावू नये, असं मी मुलांना कायम सांगत आले.

हाताने काय तपासता येतं ते बघू. शेवटी १ आहे, म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ गेला. आता तीन-तीनचे गट पाड: १२, ३४५, ६७८, ९१०, ९८७, ६५४, ३२१. उजवीकडून एक आड एक अधिक-वजा कर: ३२१ वजा ६५४, अधिक ९८७, वजा ९१०, अधिक ६७८, वजा ३४५, अधिक १२. उत्तर ८९. कारण १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३, म्हणून ८९ला या तिघांपैकी ज्याने भाग जाईल त्यानेच तुझ्या वीस अंकी संख्येला जाईल. ८९ला कुणानेच जात नाही. एका ओळीत तीन भाजक बाद झाले. आणि गटांची नुसती बेरीज केली तर ३९०७. तिला ३७ने भाग जात नाही, म्हणून ३७ही गेला, जो नऊ एकांना भागत होता.

पण असं कुठवर? वर्गमूळापर्यंत जायला हवं, आणि वर्गमूळ सुमारे ३५१ कोटी आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्याच सोळा कोटींहून अधिक आहेत. मिनिटाला एक भागाकार, रात्रंदिवस, तरी तीनशेहून जास्त वर्षं लागतील. म्हणून भागून बघायचा नादच सोडला पाहिजे.

इथं फ्रेंच गणितज्ञ फर्मा मदतीला येतात. १६४० साली त्यांनी लिहून ठेवलं: प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ चा (प वजा १)वा घात घेऊन प ने भागला की बाकी १च उरते. बाकी दुसरी काही आली तर संख्या मूळ नाही हे नक्की, तेही एकही अवयव न सापडता. घात प्रचंड दिसतो, पण वर्ग करत, दर वेळी बाकी घेत गेलं की साठ-सत्तर वर्गांमध्ये काम होतं. फक्त उलट दिशेने हा नियम चालत नाही. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरी २ घेऊन ही परीक्षा ती उत्तीर्ण होते. म्हणून १९७६ साली मिलर आणि १९८० साली राबिन यांनी परीक्षा कडक केली. तुझ्या वीस अंकी संख्येसाठी २पासून ३७पर्यंतच्या पहिल्या बारा मूळ संख्या घेऊन ही कडक परीक्षा केली तर निकाल पक्का असतो, हे सिद्ध झालेलं आहे. मोबाइलला याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. कितीही अंकांच्या संख्येसाठी, कुठलंही गृहीत न धरता आणि वाजवी वेळात हे ठरवता येतं, हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं. त्यातले कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतीच पदवी घेतलेले, तुझ्याहून फार मोठे नव्हते. त्यांची सिद्धता वाच. बी. एस्सी.च्या मुलाला समजेल अशी आहे, घाई न करता वाचली तर.

मूळ संख्या नुसत्या एकांच्याही होतात, हेही तुला उपयोगी पडेल. दोन एक म्हणजे ११ मूळ आहे. मग थेट एकोणीस एक, मग तेवीस एक, मग ३१७ एक, मग १०३१. मधले सगळे फुटतात. एकांची संख्याच फोडता येत असेल तर ते फुटणारच. नऊ म्हणजे तीन गुणिले तीन, म्हणून नऊ एकांना तीन एकांनी भाग जातो, वर १११ गुणिले १००१००१ केलं ते हेच. अशा मूळ संख्या संपतात की कधीच संपत नाहीत, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की अकरापर्यंत चढून उतरलं तर काय. १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१, चोवीस अंक. इथं फर्मांची गरज नाही. तीन-तीनच्या गटांची तीच रीत लाव: ३२१ वजा ६५४, अधिक ९८७, वजा ११०, अधिक १०१, वजा ७८९, अधिक ४५६, वजा १२३. येतात १८९, म्हणजे ७ गुणिले २७. ही मूळ नाही, तिला सातने भाग जातो.